दोन शतांश

कल्लाप्पा मुतगेकरांची पहिली कादंबरी
उद्यमबागेतल्या जॉबकार्डांच्या पाठीवर आहे.
पुढच्या बाजूला पार्ट नंबर, मटेरियल,
टॉलरन्स : अधिक-उणे दोन शतांश.
पार्ट कशाचा, ते कुठंच नाही.

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकाऊ.
विचारलं, मामा, हे बसतं कुठं?
मायक्रोमीटर कानाशी नेऊन
त्यांनी तीनदा कटकट वाजवला.
"सांगत न्हाईत बघ आपल्याला. म्हणून तर लिवायचं."

पुस्तकात तो पार्ट एका उपग्रहाच्या मानेत बसला.
चिकोडीच्या एका बाईनं तो मुद्दाम
एका शतांशानं जास्त कापला
आणि अर्ध्या जगाची घड्याळं चुकली.

पुण्याचे प्रकाशक म्हणाले, चिकोडी काढा, जिनिव्हा घाला.
मी जिनिव्हा बघितलं नाही, साहेब.
वाचकांनी तरी कुठं बघितलंय?
मग घातलं. म्हणून त्या पुस्तकात
जिनिव्हाच्या सरोवराला हिडकलच्या गाळाचा वास येतो
आणि नावाडी तंबाखू मळतो, निपाणीची.

दुसऱ्या पुस्तकात मात्र हटले नाहीत.
धोका आला की त्यांची माणसं कन्नडमध्ये बोलतात :
ओडु! बेग ओडु!
तळटीप द्या, म्हणाले प्रकाशक.
पळणाऱ्याला तळटीप वाचायला सवड असते व्हय?

अशी अकरा पुस्तकं.
निपाणी स्टँडवर सुतळीला टांगलेली,
खानापूरच्या वाचनालयात शेवटचं पान फाटलेली.
एका वर्षी मानधनात मिक्सर आला,
एका वर्षी काहीच नाही, फक्त कॅलेंडर.

सातव्या पुस्तकानंतर जीपमधून दोघे आले.
साधे कपडे, बूट मात्र एकसारखे.
हा पार्ट तुम्हाला कसा माहीत?
मामांनी त्यांना मशीनखालचा बुरादा दाखवला,
निळा, कुरळा, अजून कोमट.
यावरून, म्हणाले. काय कापलं ते दिसलं
की काय उरलं ते कळतंय.
त्यांनी बुरादा कागदात बांधून नेला.
चहा घेतला नाही.
आठवडाभर मामा घरी जाताना मागं बघायचे,
थोडे खूशही होते.

मग गोकाकच्या बाजारात सापडलं त्यांचंच पुस्तक,
कन्नडमध्ये. ना परवानगी, ना नाव,
मुखपृष्ठावर भलतंच हेलिकॉप्टर.
चाळीस रुपये मोजून घेतलं.
बोलायला त्यांचं कन्नड पाण्यासारखं,
वाचायला बोट लागायचं अक्षराखाली.
बारा दिवस बोट फिरवत वाचलं, आणि शेवट
शेवट चोरानं बदलला होता.
मामांनी मारलेली ती बाई
तिथं शेवटच्या बसमध्ये चढते,
कंडक्टर तिला सुटे पैसे मागतो. संपलं.

मला वाटलं, आता कोर्टात जातील.
रात्री अकराला फोन :
"आरं, त्येचा शेवट माझ्यापेक्षा चांगला हाय."
पुढच्या मराठी आवृत्तीत त्यांनी बाईला जिवंत केलं.
प्रस्तावनेत एकच ओळ जादा :
गोकाकच्या अनोळखी चोराचा मी ऋणी आहे.

आता मी पाच अक्षांचं मशीन चालवतो.
त्यांनी कल्पनेतून उडवलेली यंत्रं
लग्नात फोटो काढत डोक्यावर घोंघावतात.
जॉबकार्ड स्क्रीनवर येतं,
आणि स्क्रीनला पाठ नसते.

मामांची नजर गेली. लिहिणंही गेलं.
रविवारी जातो कंग्राळीला, बसतो पायरीवर.
चालू पार्टचा आकार बोलून सांगायला बंदी आहे;
मी त्यांचे तळहात धरून हवेत फिरवतो :
इथं गोल, इथं खोबण, इथं अचानक पातळ.
टॉलरन्स? ते हळूच विचारतात. दोन?
मी एक बोट त्यांच्या मुठीत देतो.

एक!
मामा डोळे मिटतात. मिटलेल्या डोळ्यांनाही
पापण्या हलवायची सवय आहे.
"एक शतांश," ते पुटपुटतात,
"काय बनवायला लागलेत रे हे लोक?
थांब. सांगू नको."