एक खिळा, जुना

घर ताब्यात घेताना अकरा पानांची यादी मिळाली.
गालिचा: एक डाग, बहुधा चहाचा.
पडद्याचा दांडा: किंचित वाकलेला.
बैठकीची खोली, पूर्वेची भिंत: एक खिळा, जुना.
खाली माझी सही.
नवा ठोकायचा नाही, रंग लावायचा नाही,
अनामत साडेसहाशे पौंड,
आणि सगळ्या भिंती मॅग्नोलिया,
म्हणजे फुलाचं नाव घेऊन
फिक्या पडलेल्या.

संडरलंडला जानेवारीत
दुपारी साडेतीनला दिवा लावावा लागतो.
जेवताना मी त्या खिळ्याकडे बघत बसायचे.
बघण्यासारखं दुसरं नव्हतंच काही.

आधी त्यावर कॅलेंडर टांगलं. मग आरसा,
पण आरशात समोरची भिंत दिसायची, तीही मॅग्नोलिया.
मग एका शनिवारी
परकराच्या नाड्यांची पिशवी उपसली
(परकर इथे वर्षातून दोनदा लागतो,
नाड्या आईने डझनभर दिल्यात)
केशरी, मोरपंखी, एक गुलबक्षी,
आणि गाठीवर गाठ मारत शिंकं विणलं.
कामावरची व्हेरिटी फोटो पाहून म्हणाली, मॅक्रमे! किती गोड!
म्हटलं, हो. आमच्याकडे यात दही ठेवायचे.

दही नाही ठेवलं. मनीप्लांट ठेवला,
दुकानातल्या उतरत्या किमतीच्या फळीवरचा,
तीन पानं, त्यातलं एक अर्धं.
मग बाकीचे आले, एकाला बोलावलं की येतात तसे:
कोरफड, जी इथली थंडी मनाला लावून घेते;
डोरीनबाईंनी कुंपणावरून दिलेलं
स्पायडर प्लांटचं पिल्लू, नाळेसकट;
लोणच्याच्या बरणीत मुळं सोडून बसलेली एक फांदी,
तिचं नाव मला माहीत नाही, माझं तिला नाही.
खिडकी भरली, मग जिन्याची एकेक पायरी.
तुळस दोनदा गेली. तिसऱ्यांदा आणली नाही.
तिच्या कुंडीत चमचे ठेवते.

मार्चमध्ये पहिल्यांदा खिडकी उघडी टाकली
आणि डोरीनबाईंचा मेजर आत आला,
नऊ किलोंचा बोका.
पुढचं तुम्हाला म्हणीतूनच माहीत आहे.
फक्त त्याचं फावलं नाही काही.
माती, खापऱ्या,
आणि गुलबक्षी नाडीत मान अडकलेला मेजर,
माझ्याकडेच रागाने बघणारा.

खिळा निघाला होता. सोबत भिंतीचा टवका,
तळहाताएवढा.
आणि टवक्याच्या आत
हिरवं.

स्टुलावर चढून पाहिलं.
जुना, भिंतीला चिकटवायचा कागद,
त्यावर वेल, निळी असावीत अशी फुलं.
सांध्यापाशी वेल जुळली नव्हती, बोटभर चुकली होती.
कोणीतरी एकट्यानेच लावला असणार,
दुसरं टोक धरायला कोणी नसताना.
आणि त्या चुकलेल्या जागी
ब्रशने, हाताने, एक पान काढलेलं.
वाईट काढलं होतं. पालकासारखं.

मी त्याच्याभोवती भरतकामाची लाकडी रिंग बसवली,
चिकट निळ्या गोळ्यांनी. बुजवलं नाही.
मनीप्लांट आता पातेल्यात, त्याच स्टुलावर,
चौथं पान कुठे न्यावं या विचारात.

एप्रिलमध्ये एजन्सीचा कॅलम तपासणीला आला.
जिना चढताना कुंड्यांना दोनदा सॉरी म्हणाला.
रिंगसमोर थांबला बराच वेळ,
मग फोटो काढला. म्हणाला,
घर सोडताना याचे चाळीस कापतील.
म्हटलं, कापू देत.
भिंतीवर लावायला चित्र घेतलं असतं
तर याहून महाग पडलं असतं.

यादीत त्याने काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
खिळा कुठे गेला, हे त्याने विचारलं नाही.
चमच्यांच्या कुंडीत आहे.