थ कुठे

खारीवाव रोडवरचा छापखाना बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.
खिळ्यांची एक केस तेवढी आमच्या माळ्यावर राहिली,
आठवण म्हणून नव्हे,
उतरवायला दोन माणसं लागतात म्हणून.

फाइन आर्ट्सचा मौलिक ती विकत घ्यायला आला.
भिंतीवर लावणार होता. त्याला नकाशा हवा होता,
कुठल्या घरात कुठलं अक्षर.
बाबांना विचारलं.
"मला काय ठाऊक? मी तर रेल्वेत होतो."
ते रेल्वेत कधीच नव्हते.

उतरवताना केस कलली.
मात्रा, वेलांट्या, पूर्णविराम,
डोक्यावर रेघ असलेली मराठी
आणि बोडक्या डोक्याची गुजराती,
लग्नांची, तेराव्याची, पडलेल्या उमेदवारांची अक्षरं,
सगळ्यांची फरशीवर खिचडी.

मौलिक सॉरी, सॉरी करत राहिला.
बाबा खुर्चीतून उठले, गुडघा धरून खाली बसले,
आणि हल्ली चहात साखर का घालत नाही तुम्ही,
असं विचारता विचारता
त्यांचा उजवा हात निघाला.

अंगठ्यानं खाच चाचपायची. टाकायचं.
खाच. टाकायचं.
डोळे समोरच्या गच्चीवरच्या वाळत्या पापडांवर.
शिसं लाकडावर पडल्याचा तो बारका टक्
मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता
आणि तरी पुढचा टक् कधी येणार
हे माझ्या मानेला आधी कळत होतं.

मौलिक मागोमाग कागदावर लिहीत गेला.
मग न राहवून म्हणाला, "काका, थ कुठे?"

बाबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.
हात थांबला,
भर वर्गात नाव पुकारलेल्या पोरासारखा.
"थ?" ते म्हणाले. "थ म्हणजे?"

मी मौलिकला खुणावलं, अक्षराचं विचारू नकोस,
दुसरं काहीही विचार.
त्यानं विचारलं, काका, यंदा आंबा कसाय?
बाबा वलसाडच्या आफूसवर रागावले
आणि थ गेला आपल्या घरी.

त्या स्टुलावर, बाबांच्या समोर, मी सहा वर्षांची.
हातात चिक्की. पाय जमिनीला न पोचणारे.
ते जुळवत, मी बघत. बघत तरी कुठे, चिक्की खात.
मला कुणी काही शिकवलं नाही.
पण न्याय मंदिरापाशी रिक्षा अडकते तेव्हा
आरशातल्या पाट्या मी सरळ वाचते,
इतकी सरळ, की त्या उलट्या आहेत
हे मला नवऱ्यानं सांगितलं, लग्नानंतर.

तो दिवस मी पुष्कळ शोधला.
शाईचा वास सापडतो, रॉकेलचा बोळा सापडतो,
मालकांचा खोकलासुद्धा.
शिकल्याचा दिवस नाही.
जे सगळ्यात पक्कं आलं
त्याची पावतीच फाडली नव्हती कुणी.

केस गेली. भिंतीला एक फिकट चौकोनही नाही,
ती कधी भिंतीवर नव्हतीच.

दिवेलागणीला बाबांनी विचारलं, "आपण कोण?"
मी नाव सांगितलं. ज्योत्स्ना.
बारशाला आई चिडली होती म्हणे,
एवढी जोडाक्षरं, पोरीला लिहिता तरी येईल का?
मला येतं ना, बाबा म्हणाले होते.

आता म्हणाले, "असं का," परक्या बाईशी बोलावं तसं सभ्य.
पण मांडीवरचा हात
रिकाम्या हवेत उठला आणि गेला,
वर, डावीकडे, पार कोपऱ्यात, पुन्हा मध्ये,
सात वेळा.

डॉक्टर म्हणतात कंप आहे, गोळी वाढवू.
असेलही.
मी मोजलं. अर्ध्या ज पासून शेवटचा काना धरून
सातच भरतात.

पुन्हा एकदा नाव सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.
त्यांचं लक्ष गेलं असतं
आणि हात थांबला असता.