टपालवाली

चुन्याच्या जुन्या भट्टीत आता मेंढ्या निजतात.
टेग्वेन सायकल तिथेच टेकवते,
पुढचा चढ गुडघ्यांना पाठ आहे.

इथल्या घरांना नंबर नाहीत.
वाल्पराइसो, कयाओ, रंगून –
कप्तान जिथवर गेले त्या बंदरांची नावं
बायकांनी दारावरच्या काळ्या दगडात कोरून घेतली.
एका दारावर मात्र ‘ग्वेनोल’.
ते बंदर नव्हे, गलबत.
ग्वेनोल म्हणजे पाकोळी.
पाकोळ्या दर एप्रिलात येतात.

हिवाळ्यात सगळ्या गल्लीत मिळून तीन दिवे,
बाकीच्यांच्या किल्ल्या
आकड्यांच्या कुलपात, शहरातल्या माणसांसाठी.

आज ग्वेनोलच्या नावे पत्र.
विजेचं बिल असेल.
तिने फटीतून आत सरकवलं
आणि उगाच थांबली.

कागद जमिनीवर पडल्याचा आवाज यायला
जरा जास्तच वेळ लागला.