एकोणीस सेकंद

एकतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले.
गावभाग, खणभाग, पुढं हरिपूर रस्ता.
घरं मला आकड्यांवरून ओळखू यायची:
एकशे वीस म्हणजे मुलगी बाळंतपणाला आलेली,
साठ म्हणजे थोरला पुण्याला गेला,
एकोणतीस म्हणजे दाराला कुलूप
आणि आत रिकामा फ्रीज थंड होत बसलेला.
कुणाकडं टेकलो नाही, चहा घेतला नाही,
पण घरात काय चाललंय
ते शेजारणीच्या आधी मला कळायचं.

आता एकच मीटर उरलाय, माझा.

आमच्यात दिवे लागायच्या आत जेवणं होतात.
पाणी तुपासारखं वापरायचं, हे राजमतीनं
माहेरच्या पितळी डब्यांबरोबर आणलेलं.
डाळीला चार उकळ्या आल्या की ती गॅस बंद करते,
पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवते.
तासाभरानं उघडते, तोंडावर वाफ घेते.
"बघा, झोपेत शिजली."

तरी बिलात त्रेचाळीस युनिट जास्त.
दर महिन्याला. महापुरानंतर मीटर बदलला तेव्हापासनं.
मुलगा फोनवर म्हणतो, "आप्पा, सोडा की, मी भरतो."
भरायचं कोण बोलतंय?
माझ्या घरात रोज कुणीतरी जेवून जातंय
आणि मला त्याचं ताट सापडत नाही.

एका रात्री उठलो.
टीव्हीच्या खोक्याचा लाल डोळा मिटला.
चार्जर उपटला, मिक्सर, गिझर,
फ्रीजची पिन काढली तर राजमती कुशीवर वळून म्हणाली,
"दूध नासलं तर तुम्ही प्या."
जिन्याखाली मीटरपुढं उभा राहिलो.
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट,
हे मला पाढ्यासारखं पाठ.
मनगटावर घड्याळ धरून मोजलं.
एकोणीस सेकंद. परत एकोणीस.
साठ वॅट.
साठ वॅटचं काय असतं घरात?

मेन स्विच खाली ओढला.
जिना काळाठिक्कर, आणि वरनं आवाज:
"या अल्ला! कोण हाय रं?"

नजीर शिकलगार. वरच्या मजल्यावरचा.
मिरजेतनं रात्री उशिरा येतो, सतारीचं काम आणतो घरी.
सातव्या पायरीवर उभा, एक पाय हवेत,
दोन्ही हातांत भलामोठा भोपळा,
लेकरू धरल्यासारखा.
सातवी पायरी पुरानं खाल्लेली.
तिथवरच पाणी चढलं होतं त्या वर्षी.

स्विच वर केला. डोक्यावरचा पिवळा बल्ब लागला.
तो. तोच जेवत होता.
पुरानंतर वायरमन घाईत होता, मिळंल तिथं जोडून गेला,
आणि बटण द्यायचं राहून गेलं.
रात्रंदिवस चालू, भर दुपारीसुद्धा.

"बल्ब तर मी बदलतो, चौगुले. दीड महिन्याला एक.
पिवळाच आणतो, पॉलिश पिवळ्यातच कळतं."
"आणि करंट?"
"करंट…" त्यानं भोपळा पायरीवर टेकला.
"सगळ्यांचा असंल म्हटलं."

आम्ही दोघं तिथंच बसलो थोडा वेळ.
एक जण बल्बचे पैसे घालतोय, एक जण विजेचे,
आणि दोघांनाही वाटतंय
दुसऱ्याचं फुकट वापरतोय आपण.

रविवारी दोन बटणं बसवली.
एक खाली, एक वर. कुठनंही लावा, कुठनंही घालवा.
नऊ वॅटचा आणला, पिवळाच.
त्याला पैसे नजीरनं दिले, मी घेत नव्हतो, त्यानं ऐकलं नाही.
सातवी पायरी अजून तशीच आहे.
गवंडी "येतो" म्हणून गेलाय.

सवय जात नाही. रात्री कानोसा घेत पडलेला असतो.
खाली टक. पावलं सावकाश, सहावीपाशी थांबतात,
मग एक लांब ढांग.
नऊ वॅटला एक लुकलुक दोन मिनिटांवर पडते.
वर टक.
भोपळा पोचलेला असतो,
आणि मीटरला अजून
त्याची खबरसुद्धा नसते.