चार नंबरची काहील

घाटाच्या वरच्या पायरीवर महापालिकेनं
अकरा काहिली मांडल्या.
माझ्याकडे नोंदवही, दोरीला बांधलेलं पेन
आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची.

चार नंबरची काहील शियेची,
बंद पडलेल्या गुऱ्हाळातून तीन दिवसांच्या भाड्यानं आणलेली.
तिच्यामागून तिचा गुळव्याही आला,
हिंदुराव चौगले.
वय विचारलं तर म्हणाला, लिवा काय बी.
हजेरीपत्रकात मी एकोणसाठ लिहिलं,
साठ लिहिलं तर बिल परत येतं.

त्यानं काठावर बोटाची आढी वाजवली,
कान लावला.
"पत्रा पातळ झालाय. पर धरंल."
टँकर आला, पाणी पडलं,
त्यानं त्यात दोन बोटं बुडवली,
अंगठ्याशी चोळून तार बघितली
आणि स्वतःशीच हसला.

चारनंतर रीघ लागली.
पाट, कापूर, खिरापत, लेझीमच्या तालावर आलेली एक अख्खी गल्ली.
भोंग्यावर साहेबांचा आवाज:
पंचगंगा आपली आई आहे, आईला जपा.
एक हेल्मेटवाला ऐकेना.
आमच्या तीन पिढ्या नदीतच सोडतात,
तुमची ही कढई कुणी पवित्र केली?
मी नियम क्रमांक सांगत बसले.
हिंदुराव म्हणाला,
"दादा, हिच्यात चाळीस वर्सं गूळ झालाय.
देवाला गोड चालतंय की."
हेल्मेटवाल्यानं चपला काढल्या.

शाडूचे बाप्पा निवांत विरघळले,
गुडघ्यापासून, मग सोंड, मग हसू.
प्लास्टरचे उताणे तरंगत राहिले
आभाळाकडे बघत.

निर्माल्य काढायला आमच्याकडे जाळी होती, फाटकी.
त्यानं पिशवीतून स्वतःचा झारा काढला,
दुर्वा, जास्वंद, केवडा वरच्यावर टिपू लागला.
"रस तापला की भेंडीचं पाणी सोडायचं, मॅडम.
मळी आपसूक वर येत्या.
ती काढणारा मातूर कडंला उभा पायजे.
नजर हलली की ढेप काळी."
माझं मोजणं चुकलं.
मी पुन्हा आठशे बारापासून सुरू केलं.

नऊ वाजता फोन वाजला.
जयंती नाल्यावरची वीज गेलेली,
पंप बंद, पाणी बांधावरून थेट नदीत.
जनरेटर आहे, डिझेल नाही,
डिझेलची फाईल सहीसाठी वर आहे
आणि सही करणारे इथंच, भोंग्यावर.
मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी
बोटानं "नंतर" अशी खूण केली
आणि आईचं वाक्य पूर्ण केलं.

"काय उतू गेलं?" हिंदुरावनं विचारलं.
नाला.
"मग तितं कडंला कोण हाय?"
ऑपरेटर आहे एक.
"त्याच्याकडं झारा?"

मला हसायला यायला हवं होतं.
घाटाखाली नदी काळी, संथ,
दिव्यांची रांग अंगावर घेऊन चाललेली,
आणि पुलाच्या पल्याड आमचं सगळं शहर,
आमची धुणी, आमचे संडास, आमची भांडी,
तिच्यात मिसळत शिरोळकडं निघालेलं.
माझ्या वहीत रकाने पाच:
अनुक्रम, वेळ, मूर्ती, निर्माल्य, शेरा.

अकराला गर्दी ओसरली.
मूर्ती एक हजार तीनशे सहा,
निर्माल्य दीड ट्रॉली.
साहेब म्हणाले, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट,
उद्या पेपरला फोटो.
खरंच दुप्पट होतं.
मला आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

हिंदुराव काहिलीत उतरून
तळाची शाडू ओंजळीनं घमेल्यात भरत होता.
"नाला किती लांब म्हनला?"
लांब आहे, मी म्हणाले.

लांब नाही. चालत वीस मिनिटं.
त्यानं झारा धुतला, धोतराला पुसला
आणि पिशवीत न ठेवता
हातातच धरून उभा राहिला.
शेऱ्याच्या रकान्यावर माझं पेन
अजून टेकलेलं होतं.