पिळू नगं

रविवारी पिग्मीची वसुली नसते,
म्हणून सीडी शंभर आज नळाच्या कट्ट्याजवळ, डबल स्टँडवर.
दोन आठवडे झाले, तवंदीच्या घाटात
ती अर्ध्यावरच खोकायला लागते.
इराण्णा म्हणाला, कार्बोरेटर खोलू नको रे,
तिला दम लागायलाय, आधी नाक बघ तिचं.

बाजूचं झाकण. दोन स्क्रू.
एकाची खाच गेलेली, तो चमच्याच्या दांड्यानं काढला.
आत स्पंज,
घुशीच्या पिलासारखा काळपट,
धड ओला नाही, धड कोरडा नाही.

जुन्या पेपरावर आपटला
तर माझं वर्षाचं वसुलीचं पुस्तकच सांडलं:
गळतग्याच्या वीटभट्टीची तांबूस,
भोजच्या नदीकाठची काळी,
बेडकिहाळात फड पेटवलेला त्या दिवसाची राख,
कोगनोळीच्या हायवेची, जिला रंगच नाही.
दहा रुपये, वीस रुपये, उद्या या, परवा या.
एका पतंगाचा अर्धा पंख.
आणि सगळ्यांच्या वर, निपाणीची म्हणून,
ती पिवळी बारीक भुकटी.

उंबऱ्यात शेंगा फोडणाऱ्या आक्कानं
तिथूनच नाक उडवलं.
"चाळणीवरचं हाय," म्हणाली.
"पानाचं न्हवं. देठाचं."

डालड्याच्या डब्यात रॉकेल घेतलं,
स्पंज बुडवला, दोन्ही हातांनी पिळायला गेलो.
"पिळू नगं.
दाब नुसतं. पिळलं की इरतंय ते,
मग काय बी आत जातंय."
तुला काय ठाऊक गाडीतलं,
असं तोंडापर्यंत आलं होतं.

वखारीला नेसायची तिची दोन लुगडी वेगळी होती.
पदर दुहेरी, ओला, नाकावरून मागं गाठ.
संध्याकाळी ती आमच्या कपड्यांत मिसळायची नाही,
मागच्या दगडावर धुवायची, एकटी,
पदर तेवढा दाबून, न पिळता.
श्वास यायचा तिथं दोन तपकिरी डाग,
शेजारी शेजारी.
बावीस वर्षांत गेले नाहीत.
मला लहानपणी ती नक्षी वाटायची.
बाकीच्या बायकांच्या पदराला कुठं आहे असली,
म्हणून शाळेत सांगितलंही होतं कुणाला तरी.

डबा पुसायला फडकं मागितलं
तर दाराआडून तिनं एक काढून दिलं.
ओळखीचा काठ.
मी उलटून पालटून बघितलं.
डाग नव्हता, हा निऱ्यांकडचा तुकडा असणार.

साबणाचं पाणी दोनदा, साधं एकदा.
"उन्हात नगं, कडक हुतंय."
मग पेरूच्या झाडाखाली, सुपावर.
दुपारभर काही काम नाही.
आक्का आत आडवी झाली,
मी भिंतीला टेकून तिचा श्वास ऐकत राहिलो,
चाळणीवर काहीतरी अडकावं
आणि हलवल्यावर थोडं खाली पडावं, तसा.
कोनाड्यात निळा पंप.
डॉक्टरनं रोज दोनदा सांगितलाय.
ती चार दिवसांतून एकदा ओढते,
लवकर संपू नये म्हणून.

इराण्णानं सांगितलेलं इंजिन ऑइल:
एण्णे स्वल्प, जास्ती नको, गुदमरते.
थेंब थेंब सोडलं, मुठीत दाबून सगळीकडं पोचवलं,
स्पंज बसवला, झाकण लावलं,
खाच गेलेला स्क्रू तसाच अर्धा.

दुसऱ्या किकला लागली.
धूर नाही. आवाज एकसारखा,
जिना चढून आलेलं माणूस
पाणी पिऊन बसल्यावर जसं बोलतं.
आक्का उठून दारात आली, कान देऊन उभी राहिली.
"आता सरळ वडतंय," म्हणाली. मग विचारलं,
"नवा केवढ्याला येतोय?"
"ऐंशी रुपये."
"एवढाच? मग नवाच घालायचा की रं.
जुनं कशाला धूत बसलास?"
"चालतंय की अजून."
त्यावर ती हसली.
हसता हसता खोकला सुरू झाला.

मी चावी फिरवली,
इंजिन बंद केलं,
नीट ऐकू यावं म्हणून.