खणातलं कार्ड

रुकडीच्या बंधाऱ्याशी मासे उलटे पडले तेव्हा
सर्जेराव इंगवल्यांनी फोटो काढून नेटवर टाकले होते.
पांढऱ्या पोटांची रांग, कडेला कुणाची तरी एक चप्पल.
आज शोधलं तर
पंचगंगा घाटावरचे दिवे आले,
तांबडा-पांढरा कुठं चांगला ते आलं,
रंकाळ्यावरचा सूर्यास्त तीन वेळा.
मासे नाहीत.

अस्लम म्हणाला, काका, काढलं न्हाई कुणी,
खाली गेलंय. चौदाव्या पानावर असंल.
आणि गाळावं तर लागतंच की,
गुऱ्हाळात मळी काढत न्हाईत होय?

काढतात.
भेंडीचं पाणी पडलं की काहिलीत मळी वर येते,
गुळव्या ती झाऱ्यानं ओढतो,
पण टाकतो तिथंच, चुलवणाच्या अंगाला.
माशा घोंगावतात. कुणीही वाकून बघावं
काय काढलं, किती काढलं.
आणि गुळव्याला नाव असतं.
आमच्याकडं ते बंडू चौगुल्याचं होतं,
गूळ बिघडला की शिव्या त्यालाच.

एकेकाळी पेपरात कोरी जागा सुटायची,
कळायचं, इथं काहीतरी होतं.
आता पान काठोकाठ भरलेलं.

अस्लम गप्प झाला.
मीही तिथंच थांबायला हवं होतं.

एकोणनव्वद साली, मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात
विश्वस्त चहा पिता पिता म्हणाले,
पुस्तक राहू दे हो. फक्त कार्ड काढा.
मी काढलं.
खणातली दांडी ओढून, दोन बोटांत धरून.
पुस्तक फळीवरच राहिलं, जाळलं नाही, फाडलं नाही,
अकरा वर्षं कुणी मागितलं नाही.
वाळवीनं तेवढं चाळलं.
बंदी नव्हे, व्यवस्था, असं म्हणायचो मी,
आणि पगार एक तारखेला व्हायचा.

कार्ड अजून आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात,
माझंच वळणदार अक्षर.
काल रात्री चष्मा पुसून
त्यावरचं नाव टाइप केलं, काना-मात्रेसकट.
यंत्रानं अदबीनं विचारलं,
तुम्हाला हे म्हणायचं होतं का?
खाली निळ्या अक्षरात भलतंच नाव.

नाही, असं म्हणायचं होतं मला.
ते कुठं म्हणायचं
तेवढं शोधतोय.